कापगते मॅडमचा दम

गोंदियाजवळच्या कुडव्यात आमचं केंद्र ज्या भाड्याच्या घरात होतं, त्याच्या शेजारच्या किराणा दुकानदारानं एकदा पोलिसांत जायचं ठरवलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. दिवसभर भिंतीपलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज यायचा, "जोरानं! अजून! अजून! सोडू नोको! पुरा बाहेर काढ!" पाठोपाठ कुणीतरी जीव चालल्यासारखं खोकायचं. मग क्षणभर शांतता, आणि पुन्हा तोच आवाज, "हे नाही जमलं. आता अजून एकदा!"

शेवटी सेठजी हात जोडून आमच्या दारात उभे राहिले. "मॅडम, बुरा मत मानिए, पर आप लोग अंदर करते क्या हो?"

मॅडमनी खुलासा करण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, सेठजींना तीत बसवलं, नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि त्यांच्या कानाशी तीच आरोळी ठोकली. सेठजी आधी दचकले, मग इरेला पेटले आणि गाल लाल होईस्तोवर फुंकत राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक छान टोकदार रेघ उमटली. मॅडमनी ती चष्मा वर करून पाहिली. "फेफडे बढिया आहेत तुमचे. पोट कमी करा." दुसऱ्या दिवशी सेठजींची बायको आली, मग मेहुणा आला. पोलिसांचा विषय तिथेच संपला.

डॉ. विमल कापगते नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात किंवा फ्लॅट घेतात. मॅडम गोंदियाला परत आल्या आणि फुफ्फुसांच्या आजारांवर संशोधन कसं करायचं हे नवख्या पोरांना शिकवू लागल्या. त्या वर्षीचे नवखे आम्ही तिघं होतो. रोहित नागपूरचा, संख्याशास्त्रातला. त्यानं तोवर पेशंट पाहिला नव्हता आणि पाहायची त्याची फारशी इच्छाही नव्हती. संध्या मडावी सालेकसा तालुक्यातल्या एका गावची, सार्वजनिक आरोग्य शिकून आलेली, दिवसाकाठी मोजकं बोलणारी. आणि तिसरी मी, जीवरसायनशास्त्रात नुकतीच पीएचडी झालेली. मी सांगलीची, हे मी मॅडमना अनेकदा सांगून पाहिलं. पण त्यांच्या लेखी नागपूर ओलांडलं की पुढचं सगळं पुणंच.

"फुफ्फुस पायलं का कधी, पुणेवाली?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"फुफ्फुसाच्या पेशींवर काम केलंय, मॅडम. काचेच्या ताटलीत वाढवून."

"बरं. थ्या पेशीले शिडी चढता येते का?"

"नाही."

"मंग तिले दम लागते का नाही, हे तुले कसं कळन?"

यावर माझ्या प्रबंधात काही नव्हतं.

दुसऱ्यांना फुंकायला लावायचं तर आधी आपण फुंकलं पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मी लाजत लाजत फुंकलं, रेघ अर्ध्यातच कोलमडली. पुन्हा फुंकलं, पुन्हा कोलमडली. मॅडम म्हणाल्या, "तुझे फेफडे चांगले आहेत. तुझी लाजच बिमार आहे." मग ओरडायचा सराव. रोज सकाळी आम्ही तिघं गच्चीवर धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे, तोंड करून उभे राहायचो आणि एकेकानं आळीपाळीनं आरोळी द्यायची. रोहितचं "कृपया जोराने फुंकावे" हे रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं ऐकू यायचं. संध्याचा आवाज शेजारच्या गच्चीपर्यंतही पोचायचा नाही. मॅडम खाली अंगणात स्कूटी पुसत उभ्या असायच्या आणि तिथून निकाल द्यायच्या, "रोहित, तू तिकिटं तपासून राहिला का? संध्या, बोललीस का तू, का मनात म्हनलं?"

मॅडम बुटक्या, काटक, नऊवारी नव्हे पण पाचवारीसुद्धा घोट्याच्या बरीच वर नेसणाऱ्या, पायात पोरांचे पळायचे बूट. चष्मा दोरीनं गळ्यात लटकलेला आणि तरी दिवसातून चारदा हरवलेला. घरचे कोहळी, तलाव बांधणाऱ्या जातीतले, आजोबा-पणजोबांनी अर्जुनीकडे तलाव बांधलेले, याचा त्यांना भयंकर अभिमान. आमच्यापैकी कुणी प्रश्न धड न ठरवताच माहिती गोळा करायला निघालं की हा तलाव बाहेर यायचा. "माझा पणजोबा आधी जमीन पाहे, उतार पाहे, पाळ बांधे, मंग पान्याची वाट पाहे. तुमी आधी पानी जमा करता आन् मंग विचारता, मॅडम, हे ठेवू कोठी?" अभ्यासाची आखणी कशी करावी यावर मी पुढे बरीच जाड पुस्तकं वाचली. त्यांत याहून फार वेगळं काही सापडलं नाही.

त्यांचा दुसरा आवडता शब्द होता 'काऊन', म्हणजे 'का'. आम्ही काहीही सांगितलं की काऊन. हवेत धूळ जास्त आहे, मॅडम. काऊन? भातगिरणी जवळ आहे. मंग गिरनीतल्या मानसापेक्षा त्याची बायको जास्त काऊन खोकलते? चौथ्या-पाचव्या काऊनला आम्ही गप्प व्हायचो. मग त्या खुशीत यायच्या आणि डब्यातले लाखोरीच्या डाळीचे वडे आमच्याकडे सरकवायच्या. "आता सुरू झालं तुमचं संशोधन. खा."

त्यांचे कान हे एक वेगळंच प्रकरण होतं. बँकेच्या रांगेत, एसटीत, भाजीवाल्यापाशी, कुठेही त्यांना मागच्या माणसाचा श्वास ऐकू यायचा. छातीतून बारीकशी शीळ आली की मान वळलीच. त्यांच्या पर्समध्ये कंगव्याच्या शेजारी फुंकर मोजायचं छोटं प्लास्टिकचं यंत्र असायचं आणि पुठ्ठ्याच्या नळ्यांचं पाकीट. या पर्ससकट त्या आम्हाला घेऊन गोरेगावला एका लग्नाला गेल्या, त्याची हकीकत त्या भागात अजून सांगतात म्हणे.

जेवणं चालली होती. आमच्या मागच्या ओळीत नवरदेवाचे मामा बसले होते. मॅडमनी हातातला घास खाली ठेवला, डोळे मिटून जरा ऐकलं आणि वळून म्हणाल्या, "मामाजी, जेवन झालं की बाहेर या जरा."

मामाजी घाबरून बाहेर आले. मंडपामागे मॅडमनी त्यांना यंत्रात फुंकायला लावलं. काटा फार वर गेला नाही. मामांना ते लागलं. त्यांनी ओरडून भाच्याला बोलावलं, भाच्याची फुंकर मामांच्या वर गेली. तेवढ्यात मुलीकडचे दोघं-तिघं आले. त्यांनी फुंकून भाच्याला मागे टाकलं. मग काय विचारता! वरपक्ष एकीकडे, वधूपक्ष दुसरीकडे, मधे मॅडम यंत्र धरून उभ्या आणि प्रत्येकाच्या तोंडाशी नवी नळी. "उष्टी नळी कोनी घेनार नाही! एकाची एक!" आहेर द्यायला आलेली माणसं स्टेज सोडून मागे धावली. नवरदेवालाही राहवेना, तो फेट्यासकट आला. शेवटी बँडमधल्या ट्रम्पेटवाल्यानं सगळ्यांना हरवलं आणि दोन्ही पक्षांनी त्यालाच खांद्यावर घेतलं. नळ्या संपल्या म्हणून स्पर्धा थांबली. नाहीतर लग्न बहुधा राहूनच गेलं असतं.

आम्ही हसून बेजार झालो होतो. मॅडम मात्र मामांना बाजूला घेऊन गेल्या. आता त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "बिडी किती वर्षांची आहे?" मामा काहीबाही पुटपुटले. "सोमवारी या. एकटे नोका येऊ, मामीले घेऊन या. थ्या जास्त खरं सांगतीन." मामा आले. त्यांचा आजार वेळेत सापडला होता. बिडी सुटायला वर्ष गेलं, पण सुटली.

आता खरी गोष्ट सांगते.

मॅडमच्या संपूर्ण कारकिर्दीचा एक लाडका सिद्धान्त होता. आपल्या भागातल्या बायकांना दम लागतो तो चुलीच्या धुरामुळे. त्यावर त्यांनी किती भाषणं दिली असतील! धूर न होणाऱ्या चुली वाटायचा एक मोठा प्रकल्पही त्यांच्याच शब्दावर उभा होता. आणि प्रत्येक भाषणात पारबताबाई यायच्या. सालेकशाकडच्या एका गावातल्या, मॅडम नागपूरहून गावोगाव तपासणीला यायच्या तेव्हापासूनच्या त्यांच्या पेशंट, आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या. 'चुलीचा दमा' म्हणजे पारबताबाई, हे आम्हालाही पाठ झालं होतं.

त्यांच्या गावी मी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात पुण्याच्या मराठीत तयार केलेली प्रश्नावली होती. पारबताबाईंना मी विचारलं, "आपल्याला श्वसनाचा काही त्रास जाणवतो का?"

"नाही जी," त्या हसून म्हणाल्या.

मॅडमनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. "पारबता, तलावाच्या पाळीवर चढतानी कोठी थांबा लागते का?"

"थांबा लागते नं बाप्पा. अर्ध्यात बसतोच मी."

"लिही, पुणेवाली. पाळीवर अर्ध्यात बसते. श्वसन-बिसन ती पुण्याले गेली की करन."

हे शिक्षण आम्हा तिघांपैकी संध्यानं सगळ्यात जास्त मनावर घेतलं. ती त्याच भागातली, गोंडी बोलणारी, कुणाच्याही अंगणात सहज बसू शकणारी. ती प्रश्नावली घेऊन घरी जायचीच नाही. निंदणाला गेलेल्या बायकांबरोबर बांधीत उतरायची, बोअरिंगवर पाणी भरणारीची बादली धरायची. आणि चुलीचं, लाकडांचं विचारून झालं की हळूच आणखी एक प्रश्न विचारायची. कधी मोठा खोकला झाला होता का? महिनोन् महिने गोळ्या खाल्ल्या होत्या का?

हळूहळू उत्तरं येऊ लागली. अनेकींना कधीतरी टीबी झाला होता. कुणाला लग्नाआधी, कुणाला पहिल्या बाळंतपणानंतर. गोळ्या घेऊन बरा झाला होता, पण सासरी कळू दिला नव्हता. संध्यानं त्यांची फुंकर मोजली, रोहितनं हिशेब केला आणि दोघांचेही चेहरे उतरले. चूल सगळ्यांच्याच घरी होती. पण खरोखर दम लागणाऱ्या बहुतेक बायका टीबी होऊन गेलेल्याच होत्या. जंतू मेला होता, फुफ्फुसावर व्रण ठेवून गेला होता. आणि दमा समजून त्यांना वर्षानुवर्षं दम्याची औषधं चालू होती.

शनिवारच्या बैठकीत संध्यानं हे मांडलं. आधीच बारीक आवाज, तो आणखी बारीक झालेला.

"काऊन?" मॅडम म्हणाल्या. पण हा काऊन नेहमीचा नव्हता.

संध्यानं पुन्हा सांगितलं.

"यंत्र बरोबर होतं?"

"मोठ्या पिचकारीनं मोजकी हवा सोडून रोज तपासत होते, मॅडम."

"रोहित, हिशेब?"

रोहित जमिनीकडे पाहत म्हणाला, "वेगवेगळ्या पद्धतींनी केला, मॅडम. तेच येतंय."

"मी या बायांना तू जन्मली नव्हती तेव्हापासून पाहून राहिली," मॅडम संध्याला म्हणाल्या. "टीबीचं मी विचारलं नसंन का? पारबताले मी स्वतः विचारलं होतं. नाही म्हनली ती."

संध्यानं समोरची वही मिटली. मग म्हणाली, "मला हो म्हणाली, मॅडम."

त्या दिवशी वड्यांचा डबा उघडला गेला नाही. मॅडम उठल्या, चष्मा टेबलावरच विसरल्या आणि स्कूटी घेऊन निघून गेल्या. पुढचे काही दिवस त्या आल्याच नाहीत. फोन लागेना. केंद्रात एवढी शांतता पसरली की सेठजी पुन्हा दारात आले, "मॅडम की तबियत तो ठीक है ना? आवाज नहीं आ रही." संध्या तर सामान बांधायच्या बेताला आली होती. तिची पुढची नोकरी, शिष्यवृत्ती, सगळं मॅडमच्या एका शिफारशीवर होतं. "मी बोलायलाच नको होतं," ती एवढंच म्हणायची. रोहित आणि मी तिला धीर द्यायचो.

मग एका सकाळी स्कूटीचा आवाज आला. मॅडम आत आल्या. बूट चिखलानं भरलेले, चेहरा उन्हानं रापलेला. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि संध्याला समोर बसवलं.

"पारबताकडे गेली होती मी. म्हनलं, काऊन वो, माझ्याशी खोटं बोलली? तं माहीत आहे काय म्हनली? म्हने, तुमी विचारलं जी, पन सासू बसली होती नं बाजूले!" मॅडमनी टेबलावर राहिलेला चष्मा गळ्यात अडकवला. "आठवून पायलं मी. खरंच बसली होती. सुपारी फोडत बसली होती. मले तिची सुपारी आठवते, पन तिले बाहेर पाठवाचं नाही सुचलं. मंग बाकीच्या जुन्या बायांकडे गेली. एकेकीले वावरात गाठलं. सगळ्या तेच सांगून राहिल्या."

त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला.

"संध्या, मी रागावली होती तुझ्यावर. दोन दिवस तं लई रागावली होती. तिसऱ्या दिवशी स्वतःवर रागावली. आता कोनावरच नाही. भूक लागली मले. काही आहे का खायले?"

संध्या रडायला लागली, आणि मॅडम तिला पाठीवर थोपटत म्हणाल्या, "रड, रड. पन पुरा बाहेर काढ."

नागपूरला छातीच्या डॉक्टरांची मोठी परिषद होती. मुख्य भाषण कापगते मॅडमचं, विषय अर्थात चूल. हॉल भरलेला. मॅडम व्यासपीठावर गेल्या आणि म्हणाल्या, "आज मी बोलनार होती. मी बोलली असती तं तुमी टाळ्या वाजवल्या असत्या, आन् आपन सगळेच मिळून चुकलो असतो. म्हनून ही बोलनार. संध्या मडावी. माझी विद्यार्थिनी." एवढं बोलून त्या खाली येऊन पहिल्या ओळीत माझ्या शेजारी बसल्या.

संध्या सुरुवातीला अडखळली, मग सावरली. पुढे प्रश्न सुरू झाले तेव्हा मला मॅडमचीच जास्त काळजी वाटू लागली. उत्तर त्यांच्या ओठांवर यायचं, शरीर खुर्चीतून अर्धं उठायचं. शेवटी त्यांनी रुमालाचा बोळा केला आणि दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला. डोळे तेवढे वर, गरागरा फिरणारे. संध्यानं एकेक उत्तर दिलं की त्या रुमालाआडून "हूं" करायच्या.

एक ज्येष्ठ डॉक्टर उठले. संध्याकडे न पाहता मॅडमकडे पाहून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर मागच्या वेळी याच मंचावर नेमकं उलट सांगितलं होतं."

आता रुमाल निघालाच. "हो. तेव्हा मी चुकली होती. आता शहाणी झाली. तुमी कधी होनार?"

हॉल हसला, ते डॉक्टरही हसले. मग मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "आन् धुराले कोनी सोडू नोका. धूर वाईटच आहे. फक्त सगळं पाप त्याच्या डोक्यावर टाकून आपन मोकळे होऊन राहिलो होतो." बाहेर आल्यावर संध्याला वाटलं आता शाबासकी मिळेल. मॅडम म्हणाल्या, "तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कच्चं होतं तुझं. गाडीत सांगते."

या सगळ्याची किंमत त्यांनी मोजली. चुलींच्या प्रकल्पाची मंडळी रुसली, भाषणांची आमंत्रणं आटली, केंद्राचा वरचा मजला सोडावा लागला. मॅडमनी स्वतःचं टेबल जिन्याखाली हलवलं आणि तिथे डोकं आपटतं म्हणून जिन्यालाच शिव्या घातल्या. पण गावोगावच्या बायकांची औषधं नव्यानं तपासली गेली, त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवणं सुरू झालं. ते व्यायाम घ्यायला पहिली बाई आली ती पारबताबाई. सासू केव्हाच वारली होती, तरी टीबी हा शब्द त्या हळूच उच्चारायच्या.

मी पुढे पुण्याला गेले, सांगलीकर असूनही. रोहित हैदराबादला. संध्या तिथेच राहिली आणि केंद्र आता तीच चालवते.

मध्यंतरी एका कामानं गोंदियाला जाणं झालं, तेव्हा न कळवताच कुडव्याला गेले. नव्या तुकडीचा वर्ग चालू होता. आकडेमोडीचं कुठलंसं नवं सॉफ्टवेअर संध्या शिकवत होती, चांगल्या मोठ्या आवाजात. मी खिडकीशीच थांबले. विशीपंचविशीतली मुलं लॅपटॉप उघडून बसलेली, आणि सगळ्यात मागच्या बाकावर कापगते मॅडम. केस पूर्ण पांढरे झालेले, अंगानं आणखी वाळलेल्या. समोर लॅपटॉप, एका बोटानं एकेक अक्षर शोधून दाबत होत्या. पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी आलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मान लांब करून शेजारच्या मुलीच्या पडद्यात डोकावल्या.

"मॅडम," संध्या फळ्याकडून म्हणाली, "शेजारचीचं पाहायचं नाही."

वर्ग हसला. मॅडम ताठ बसल्या.

"मी पाहून नाही राहिली," त्या म्हणाल्या. "तिचंही चुकून राहिलं, थे सांगून राहिली."